गाडीची चाकं घरीच रंगवा: मराठवाड्याच्या धुळीत आणि उन्हात टिकेल असं काम

चाकाला दिलेला रंग सहा महिन्यांत निघाला की दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. पोपडा नखाने उचलून त्याची मागची बाजू पाहा. तिथे गंजाची तांबूस पूड असते, ग्रीसचा तवंग असतो, नाहीतर बोअरच्या पाण्याने सोडलेला क्षारांचा पांढरा थर असतो. रंग धातूला धरलेलाच नसतो, या थराला धरलेला असतो. म्हणून या कामात फवारणीचा वेळ चाकामागे जेमतेम अर्धा-पाऊण तास, आणि धुणं, घासणं, पुसणं, झाकणं याला दोन-तीन तास, असाच हिशेब धरून बसा.

दिवस कोणता निवडायचा

आपल्याकडे दिवाळीनंतर ते फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ या कामाला सगळ्यात चांगला. हवा कोरडी, ऊन मवाळ, वारा कमी. सकाळी दव सुकल्यावर, दहाच्या सुमारास सुरुवात करा आणि चारपर्यंत शेवटचा हात संपवा. डिसेंबरच्या थंडीत डबा गार पडलेला असेल तर रंग थेंब-थेंब थुंकल्यासारखा येतो. अशा वेळी डबा दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा. उकळत्या पाण्यात किंवा चुलीजवळ मात्र कधीही नाही. या डब्यांवर ५० अंशांच्या वर तापवू नका असं छापलेलं असतं ते अगदी खरं आहे. उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं, म्हणून बाजारातून आणलेले डबे डिकीत विसरू नका.

एप्रिल-मेमध्ये काम करायचंच असेल तर सकाळी सात ते साडेनऊ एवढीच वेळ आपली. चाळीस अंशांच्या हवेत रंगाचे थेंब चाकावर पोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. पावसाळ्यात दमट हवेमुळे ताज्या लॅकरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, दुधाळ झाक येते. ऑक्टोबरात शेजारी सोयाबीनचं मळणीयंत्र चालू असेल, किंवा पुढे तुरीचं खळं सुरू असेल, तर त्या दिवशी फवारणी करूच नका. हा भुसा इतका हलका असतो की दोन घरं पलीकडून येऊन ओल्या रंगावर बसतो.

हे चाक रंगवण्याजोगं आहे का

लोखंडी रिम असेल तर निर्धास्त सुरू करा. साधी रंगवलेली अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमची रिम, असेल तरी हरकत नाही. चकचकीत कापलेल्या चेहऱ्याची, म्हणजे डायमंड कट अलॉय घरी मुळासारखी होत नाही. ती यंत्रावर कापलेली असते, तिच्यावर सरसकट एकच रंग द्यावा लागेल. क्रोम केलेल्या चाकावर तर रंग नीट बसतच नाही. ते सोडून द्या.

खड्ड्यात आपटलेल्या अलॉयमध्ये बारीक तडा असू शकतो, आणि रंगाखाली तो झाकला गेला की दिसायचा नाही. तपासायची जुनी सोपी युक्ती अशी: संशयाच्या जागी रॉकेल किंवा डिझेल लावा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं तेल वर येऊन पांढऱ्या पुडीत काळसर रेघ उमटते. रेघ दिसली तर ते चाक रंगवायचं नाही, वेल्डिंग करून चालवायचंही नाही. बदलायचं. कड नुसती वाकली असेल आणि हवा टिकत नसेल तर रंगाआधी ती दुरुस्ती करून घ्या.

काय-काय लागेल

१४-१५ इंची चार चाकांना ४०० मिलिलिटरचे डबे धरले तर प्रायमरचे २, रंगाचे ३ आणि क्लिअर लॅकरचे २ ते ३ लागतात. रंगाचे सगळे डबे एकाच बॅच नंबरचे घ्या, नाहीतर सिल्व्हर रंगात डाव्या-उजव्या चाकाची छटा वेगळी दिसते. प्रायमर, रंग आणि लॅकर एकाच कंपनीचे, एकाच जातीचे असू द्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा रेड ऑक्साइड लोखंडाला चालतो, पण त्याच्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) जातीचा स्प्रे मारला तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. अलॉयला रेड ऑक्साइड धरतच नाही. तिथे अॅल्युमिनियमसाठीचा एच (etch) प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर हवा.

पॉलिश पेपर ८०, १२०, २४०, ४०० आणि ६०० नंबरचे. यातले ४०० आणि ६०० हे वॉटर पेपर. तारेचा ब्रश, जुने दातांचे ब्रश, मास्किंग टेपचे २ रोल, एक लिटर चांगलं एनसी थिनर, बारीक तंतू न सोडणारी सुती फडकी (धुतलेली जुनी धोतरं उत्तम), पुट्टीचा छोटा डबा हार्डनरसकट, रबरी हातमोजे, चष्मा. नाका-तोंडाला गमछा बांधून भागत नाही; त्यातून धूळ अडेल, थिनरची वाफ अडत नाही. कार्बनच्या डबीचा मास्क घ्या.

ब्रशने लावायचा चंदेरी रंग स्वस्त पडतो म्हणून बरेच जण तो लावतात. तो हाताला पुसून येतो आणि ब्रेकची धूळ त्याच्यात कायमची रुतून बसते. गेट रंगवायला तो ठीक, चाकाला नको.

चाक काढणं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरमध्ये, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून दगड. नट आधी चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करा, मग जॅक लावा. काळ्या मातीवर जॅकचा पाय खचतो आणि शहाबादी फरशी एका बिंदूवरच्या भाराने फुटते. म्हणून दोन्ही ठिकाणी खाली जाड लाकडी फळी हवी. गाडी उचलल्यावर ती जॅक स्टँडवर टेकवा. विटांचा थर लावू नका. वीट सांगून फुटत नाही, आणि गाडीखाली हात-पाय असतानाच फुटते.

गाडी तीन-चार दिवस उभी ठेवणं शक्य नसेल तर स्टेपनीपासून सुरुवात करा. आधी स्टेपनी रंगवायची, वाळली की गाडीला लावायची, निघालेलं चाक रंगायला घ्यायचं, असं फिरत जायचं. हातही त्या पहिल्या चाकावर बसतो. मात्र स्टेपनी बाकी चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा पाळा आणि तिच्यावर गावोगावी फिरू नका.

जुनी बॅलन्सिंगची वजनं कुठे आहेत याचा मोबाइलवर फोटो काढून ती उतरवा. त्यांच्या खाली गंज असतोच.

धुणं

सगळ्यात जास्त कामं इथेच बिघडतात. ब्रेकची काळी धूळ कोरडी झटकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू तर मुळीच नका. ती श्वासात जायला नको. पाण्याने भिजवा, भांड्यांच्या लिक्विडने घासा. चाकाच्या मागच्या बाजूला साचलेली काळी माती लाकडी खपलीने आधी खरवडून काढा. ती पाण्याने फुगून चिकटते आणि नुसत्या धारेने निघत नाही.

डांबराचे ठिपके रॉकेलने निघतात. पण रॉकेल किंवा डिझेल हा शेवटचा हात नसावा. दोन्ही मागे तेलकट पापुद्रा सोडतात. त्यानंतर परत साबण, आणि कोरडं झाल्यावर थिनर.

संडास साफ करायचं ॲसिड गंजावर ओतण्याचा प्रकार ठिकठिकाणी दिसतो. त्याने गंज झटकन निघतो हे खरं, पण त्यातलं क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत राहतं आणि आठवड्याभरात रंगाखाली गंज परत डोकं काढतो. अलॉयला तर ते सरळ खातं. कॉस्टिक सोडाही अॅल्युमिनियमला तसाच खातो. गंज खोल असेल तर फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट रिमूव्हर वापरा, बाटलीवर दिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका आणि भरपूर पाण्याने धुवा.

शेवटचं धुणं कोणत्या पाण्याने, यावर आपल्या भागात फार काही अवलंबून आहे. बोअरचं जड पाणी चाकावर वाळलं की क्षाराचे ठिपके उरतात, आणि हेच ठिपके पुढच्या पावसाळ्यात रंगाखाली ओल ओढून फोड आणतात. शेवटी दोन-तीन तांबे आरओचं शुद्ध पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी फिरवा आणि लगेच कोरडं पुसा. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून ठेवायची सवय चांगली आहे, पण इथे ते चालणार नाही. त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात.

घासणं आणि भरणं

जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही. पोपडे, फोड आणि गंज तेवढे मुळापर्यंत काढायचे, बाकीची चमक ४०० नंबरने मारायची. कंपनीचा रंग हा घरच्या कोणत्याही प्रायमरपेक्षा चांगला पाया असतो, तो उगाच खरवडू नका.

लोखंडावर गंजाच्या जागी तारेचा ब्रश किंवा ड्रिलला लावायचा तारेचा वाटीब्रश, मग ८०, मग १२०, मग २४०. अलॉयवर ८० नंबर लावू नका. मऊ धातूवर त्याचे चरे इतके खोल जातात की तीन थरांनंतरही दिसतात. तिथे २४० पासून सुरू करा. उघडा धातू आणि जुना रंग यांच्या सीमेवर नख फिरवून पाहा. पायरी लागली तर ४०० ने उतार करा, कारण रंगाने पायरी बुजत नाही, उलट उठून दिसते.

दुभाजकाला किंवा फुटपाथला घासलेली कड आधी कानशीने साफ करा आणि मगच पुट्टी. साधारण १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम हार्डनर.  उन्हाळ्यात एवढ्यानेही ती चार-पाच मिनिटांत घट्ट होते, म्हणून एका वेळी एका चाकापुरतीच कालवा. थर दोन मिलिमीटरपर्यंत, तोही बाहेरच्या कडेला. टायर जिथे आत बसतो त्या जागेला पुट्टी लावली तर ती तुटते आणि हवा जाते.

घासून झालं की कोरड्या ब्रशने पूड झाडा आणि थिनरने पुसा. दोन फडकी ठेवा: एक थिनरचं, दुसरं लगेच मागून फिरवायचं कोरडं. फडकं काळं येत असेल तोवर पुसत राहा. यानंतर उघड्या हाताने चाकाला शिवायचं नाही, घामातलं मीठ आणि तेल पुरेसं असतं.

झाकणं

टायर चढलेला असताना काम करायचं असेल तर पंक्चरवाल्याकडून हवा सोडून टायरची कड रिमपासून मोकळी करून घ्या. टायरप्रेशरचा सेन्सर असलेल्या गाडीत त्याला व्हॉल्व्हपासून लांब टॉमी घालायला सांगा. हवा न सोडता करायचं असेल तर जुन्या लग्नपत्रिका कापून पत्त्यांएवढे तुकडे करा आणि टायर व रिमच्या फटीत एकावर एक येतील असे खोचत गोल पूर्ण करा. पत्रिकेचा जाड गुळगुळीत कागद या कामाला पत्त्यांहून बरा. बाकी टायरवर वर्तमानपत्राचे दोन थर. एका थरातून थिनर झिरपतं.

टायरला चकाकी आणणारं पॉलिश लावायची सवय असेल तर ते आधीच साबणाने दोनदा धुवून काढा. त्यातलं सिलिकॉन रिमवर आलं की रंग त्या जागेवरून पळतो आणि गोल-गोल खळगे राहतात.

आता या कामातली जिवाशी गाठ असलेली गोष्ट. दोन जागा रंगापासून कोऱ्या ठेवायच्याच: नट ज्या उतरत्या खाचेत बसतात त्या खाचा, आणि चाकाच्या मागची हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बसतं त्याला) टेकणारी सपाट गोल जागा. इथे रंगाचा थर राहिला तर नट आवळताना तो घट्ट वाटतो, पण धावताना आणि ब्रेकच्या उष्णतेने तो थर दबतो, पातळ होतो आणि नटांचा ताण उतरतो. नट आपोआप सैल होतात ते असेच. खाचांवर टेपच्या गोल चकत्या कापून चिकटवा, मागच्या जागेवर पूर्ण टेप मारा. व्हॉल्व्हला टेप गुंडाळा.

प्रायमर, रंग, लॅकर

फवारणीआधी अर्धा तास अंगणात सडा टाका, खालची धूळ बसते. पत्र्याच्या शेडखाली दुपारी करू नका, वरून भट्टीसारखी झळ येते. चाक जुन्या पाट्यावर किंवा रिकाम्या डब्यावर उंच ठेवा, म्हणजे भोवती फिरता येईल. आजूबाजूला चूल, विडी, वेल्डिंग काही नको.

डब्यातली गोळी खडखडू लागल्यावर दोन-तीन मिनिटं हलवा. अंतर एक वीत, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. बोट दाबायचं ते चाकाच्या बाहेर, हात फिरवत चाकावरून न्यायचा आणि पलीकडे गेल्यावरच सोडायचं. चाकावर असताना दाबलं किंवा सोडलं की तिथे ओघळ ठरलेला. आरे आणि खाचांच्या आतल्या बाजू आधी, सपाट चेहरा शेवटी. उलट केलं तर आतलं मारताना चेहऱ्यावर रंग जास्त बसतो.

पहिला हात धुक्यासारखा, खालचं दिसत राहील एवढाच. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, जरा ओलसर. प्रायमरचे दोन हात पुरतात. तो डब्यावर लिहिलेल्या वेळेएवढा सुकला की ६०० च्या पाण्यातल्या पेपरने हलका घासा, शुद्ध पाण्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. घासताना कुठे धातू उघडा पडला तर तिथे परत प्रायमर.

रंगाचे तीन हात, दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. सिल्व्हर आणि ग्रे मेटॅलिकमध्ये शेवटचा हात थोडा लांबून, हलका द्या, नाहीतर चकाकीचे कण गोळा होऊन ढगाळ डाग पडतात. मेटॅलिक थर घासायचा नाही. त्यानंतर लॅकरचे दोन-तीन हात. शेवटचा हात चकचकीत ओला दिसावा, पण ओघळू नये.

दोन हातांमधल्या वेळेबद्दल डब्यावरचं वाचाच. इनॅमल जातीच्या स्प्रेवर 'एका तासाच्या आत किंवा २४-४८ तासांनंतर' असं काहीसं लिहिलेलं असतं. मधल्या काळात वरचं साय धरलेलं आणि आतलं मऊ असतं. त्यावर नवा हात दिला की सगळं चुरगळतं.

हार्डनर मिसळायचं टू-के लॅकर जास्त कडक होतं आणि पेट्रोल, ब्रेक ऑइल यांना दाद देत नाही. पण त्यात आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसांना कायमचा दमा देऊ शकतं. योग्य संरक्षण नसेल तर ते घरी फवारू नका. साधं लॅकर द्या आणि पेट्रोल सांडलं तर लगेच पुसा.

पहिला दिवस चाक सावलीत वाळू द्या. ताजा रंग थेट उन्हात ठेवला तर वरची साय आधी धरते, आतलं थिनर वाट शोधत बारीक फोड काढतं. दुसऱ्या दिवसापासून ऊन दाखवलं तर उलट फायदाच. टेप मात्र लॅकर हाताला चिकटेनासं झालं की लगेच, मागे दुमडून तिरप्या कोनात काढा. पूर्ण कडक झाल्यावर काढली तर कड तुटून येते.

बिघडलं तर

ओघळ आला तर ओल्यात बोट लावू नका. दोन दिवस वाळू द्या, ६०० ने सपाट करा, त्यावर परत रंग. पृष्ठभाग मोसंबीच्या सालीसारखा झाला असेल तर अंतर जास्त होतं किंवा हवा तापलेली होती. लॅकर आठवडाभर वाळल्यावर १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून रबिंग कंपाउंडने चमक येते. दुधाळ झाक बहुधा कोरड्या दिवशी लॅकरचा एक हलका हात दिल्यावर जाते. सुरकुत्या आणि तेलाचे खळगे याला मात्र उपाय एकच: त्या जागेपुरतं खालपर्यंत उतरवून नव्याने.

परत बसवणं

निदान २४ तास, जमलं तर दोन-तीन दिवस थांबा. नटाखालची जागा कोरी ठेवली असली तरी पान्याचा घाव बाजूला बसतोच. हबची जागा तारेच्या ब्रशने साफ करा. नट आधी हाताने चार-पाच आटे फिरवा, मग पान्याने समोरासमोर, गोल क्रमाने नाही. आट्यांना ग्रीस किंवा तेल लावू नका, त्याने त्याच जोरात नट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो.

शेवटचं आवळणं चाक जमिनीला टेकल्यावर. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. बहुतेक लहान गाड्यांना तो १०० न्यूटन-मीटरच्या आसपास. गाडीसोबतचा पाना साधारण २५ सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे त्याच्या टोकाला सुमारे ४० किलोचा जोर. पान्यावर पाय देऊन उभं राहिलं तर हा जोर जवळपास दुप्पट होतो आणि स्टड, म्हणजे नट ज्यांवर बसतात ते बोल्ट, ताणले जातात. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. ५० ते १०० किलोमीटरनंतर सगळे नट एकदा तपासा.

हवा भरल्यावर कडेला आणि व्हॉल्व्हला साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. मग बॅलन्सिंग करून घ्या. क्लिपची वजनं ठोकताना नवा रंग तिथेच फुटतो, म्हणून आतून चिकटवायची वजनं मागा. पहिले दोन आठवडे चाक नुसत्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवा. सर्व्हिस सेंटरच्या प्रेशरच्या धारेपासून तेवढे दिवस लांब ठेवा.

चारही रिम लोखंडी असतील, गंज खोल असेल आणि टायर बदलायचेच असतील, तर घरच्या फवारणीपेक्षा पावडर कोटिंग करून घेणं शहाणपणाचं. वाळूज, चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींत हे काम होतं. त्यासाठी टायर आणि व्हॉल्व्ह पूर्ण काढून द्यावे लागतात, कारण भट्टीचं तापमान १८० ते २०० अंशांपर्यंत जातं. आणि तिथेही सांगायला विसरू नका: नटांच्या खाचा आणि हबची जागा कोरी.